90 च्या पुढे थरथर: कंपनीचं उत्तर येईपर्यंत काय मोजायचं, काय लिहून ठेवायचं (सोलापूर)

होटगीनाका (धागाकर्ता)

तक्रार अशी. वेग 90 च्या पुढे गेला की स्टिअरिंग थरथरायला लागतं, 100 ला सीटखालूनही जाणवतं, 80 ला सगळं शांत. गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, तीन सिलिंडर पेट्रोल, टायर 205/60 आर 16. बहुतेक मॅन्युअल, थोड्या ड्युअल क्लचवाल्या. बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झाली, काहींचे टायर पुढे-मागे करून झाले. शोरूमचा शेरा ठरलेला: "या मॉडेलला एवढं असतंच." कंपनीकडून तिकीट नंबर आला, "संबंधित विभाग आपल्याशी संपर्क साधेल" आलं, पुढे सामसूम.

धागा रडगाण्यासाठी नाही. उत्तर यायचं तेव्हा येईल. तोवर आपल्या हातात काय असायला हवं ते जाणकारांनी लिहावं. कंपनीचा माणूस अखेर आला आणि आपण नुसतं "लई हादरते साहेब" म्हणालो, तर तो एक चक्कर मारून "दोष आढळला नाही" लिहून पुण्याला परत जाणार.

गाडीचं, कंपनीचं, शोरूमचं नाव इथे घेऊ नका. तक्रार कागदावर चालू द्या, धाग्यावर बदनामीचा वाद नको.

टॉर्करेंच

"व्हायब्रेशन आहे" या वाक्याला वर्कशॉपमध्ये काडीची किंमत नाही. आधी एवढं ठरवा.

थरथर वेगाशी बांधलेली आहे की आरपीएमशी (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांशी)? सपाट रस्त्यावर 95 ला सहाव्या गिअरमध्ये जा, मग तोच वेग ठेवून पाचवा टाका. आरपीएम बदलले, वेग नाही. थरथर तशीच राहिली तर चाकापासून एक्सलपर्यंतचं (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा दांडा) काहीतरी. बदलली तर इंजिन, माउंटिंग (इंजिनला धरणारे रबरी आधार), क्लच, फ्लायव्हील. मॅन्युअलवाल्यांनी पुढची पायरी म्हणून त्याच वेगाला क्लच दाबून गाडी क्षणभर मोकळी सोडावी. तरीही थरथर राहिली तर चाक, टायर, हब (ज्यावर चाक बसतं तो भाग). क्लच दाबताच गेली तर लगेच इंजिनला दोष देऊ नका, कारण त्या क्षणी एक्सलवरचा जोरही निघून गेलेला असतो. हा मुद्दा पुढे लागेल.

या प्रयोगासाठी चालत्या गाडीत इंजिन बंद करू नये. पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेक बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो.

दुसरं, हाताला जाणवतं की बुडाला? हाताला म्हणजे बहुधा पुढची चाकं, बुडाला म्हणजे मागची. दोन्हीकडे असेल तर पुढचं मोठं असतं आणि मागचं त्याच्याआड लपलेलं असतं.

तिसरं, ब्रेक लावल्यावरच येतं का? तसं असेल तर हा विषयच वेगळा. डिस्कची जाडी गोलाकारात सगळीकडे सारखी नसते. मायक्रोमीटरने डिस्कच्या कडेपासून 10 ते 15 मिमी आत, आठ ठिकाणी जाडी मोजायची. सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ जागेत 0.02 मिमीच्या आसपास फरक असला तरी पायाला आणि स्टिअरिंगला कळतो. डिस्क "वाकली" असं सरसकट म्हणतात, पण बहुतेकदा ती असमान झिजलेली असते. ते बऱ्याचदा चाकाचे नट इम्पॅक्ट गनने कसेही आवळल्यामुळे होतं. डिस्क हबवर किंचित तिरकी बसते आणि दर फेरीला एकाच जागी पॅडला घासते.

शेंगाचटणी

एवढं शास्त्र कशाला बे? जुना पुणे नाक्याच्या बाजूला कॉम्प्युटर अलाइनमेंट करून घ्या, झालं काम.

टॉर्करेंच

@शेंगाचटणी, अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर आतून किंवा बाहेरून झिजतो, स्टिअरिंग वाकडं राहतं. थरथर त्याने येत नाही. फक्त बरेच महिने तसंच चालवून टायरला खड्डेखड्डे पडले असतील तर येते, पण तेव्हा अलाइनमेंट करूनही जात नाही, कारण टायर आधीच गेलेला असतो. या एका गैरसमजावर आपल्याकडची निम्मी दुकानं चालतात.

काळीमाती

एक गोष्ट फुकटात तपासून घ्या. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर गाडी गेली की काळी माती रिमच्या आतल्या बाजूला बसते आणि वाळली की सिमेंटसारखी धरते. बाहेरून रिम चकचकीत, आत एका बाजूला 50-60 ग्रॅमचा गोळा. बॅलन्सिंगवाला तो न काढताच वजन लावतो. पुढच्या पावसात गोळा धुऊन गेला की लावलेलं वजनच उलटं काम करतं. गाडी जॅकवर घ्या, चाक काढा, आतून ब्रश आणि पाण्याने धुवा. अलॉयला खरवडायला लोखंडी पट्टी नको, लाकडी घ्या.

दगडही बघा. टायरच्या खाचेत अडकलेला खडा टकटक करतो, त्याने गाडी थरथरत नाही. पण डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकला तर कर्कश आवाज येतो आणि लोक बेअरिंग बदलून मोकळे होतात.

ग्रॅमग्रॅम

बॅलन्सिंग मशीनवर रोज उभा असतो, म्हणून लिहितो. "दोनदा बॅलन्सिंग केलं" याला अर्थ नाही, ते कसं केलं ते विचारा.

मशीनवर चाक बसवताना मधल्या भोकात शंकू घालतात. शंकू झिजलेला असेल, चुकीच्या बाजूने घातला असेल किंवा भोकाच्या कडेला गंज असेल, तर चाक मशीनवरच केंद्र सोडून बसतं. मशीन प्रामाणिकपणे शून्य दाखवतं, पण ते त्या चुकीच्या बैठकीचं शून्य असतं. पडताळा सोपा आहे. शून्य आल्यावर चाक सैल करा, अर्धी फेरी फिरवून पुन्हा बसवा, पुन्हा फिरवा. आता 10 ग्रॅमपेक्षा जास्त मागत असेल तर बैठक खोटी. दुकानदार कुरकुर करेल, पण हे समोर उभं राहून करून घ्या.

जुनी वजनं सगळी काढून सुरुवात करायची, जुन्यावर नवं नाही. अलॉयला आतून चिकटवायच्या पट्ट्या लावतात. खालचा भाग स्पिरिटने पुसल्याशिवाय लावल्या तर मे महिन्यात गळून पडतात. एका चाकाला एका बाजूला 60-70 ग्रॅमच्या वर लागत असेल तर वजन लावत बसण्यात अर्थ नाही, टायर रिमवर फिरवून बसवा. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती हलकी बाजू, ती व्हॉल्व्हजवळ आणतात. लाल ठिपका असेल तर तो टायरचा उंच किंवा कडक भाग, तो रिमच्या सखल जागेशी जुळवतात. रिमवर तशी खूण असेल तर ती धरायची, आणि दोन्ही ठिपके असतील तर लाल आधी.

आणि मुख्य गोष्ट: बॅलन्सिंगने वजन सारखं होतं, टायर गोल होत नाही. अंडाकृती टायर मशीनवर छान शून्य दाखवतो आणि रस्त्यावर दर फेरीला गाडी उचलून आपटतो. त्यासाठी चाकावर रोलर दाबून टायरचा कडकपणा मोजणारं रोड फोर्स मशीन लागतं. ते प्रत्येक दुकानात नसतं, पण शोरूमने कंपनीकडे मागायला हवं. तुमच्या पत्रात ही मागणी लिहा.

नायट्रोजन भरल्याने थरथर जात नाही, विचारू नका.

होटगीनाका

@ग्रॅमग्रॅम, अर्ध्या फेरीची पडताळणी मस्त. काही जणांनी बाहेरून अलॉय घेतले आहेत, त्यांचं काय?

ग्रॅमग्रॅम

त्यांनी रिमचं मधलं भोक आणि हबचा व्यास जुळतो का ते बघावं. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं भोक 73.1 मिमी असतं आणि हब असतो 54 ते 67 च्या दरम्यान. मधल्या फटीत प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनिअमची रिंग लागते. ती नसेल तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यभागी येतं, म्हणजे बहुधा येत नाही. शिवाय वॉरंटीच्या वादात कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवणार. मूळ रिम घरी असतील तर तपासणीच्या दिवशी तेच घालून जा.

हर्ट्झवाले काका

मोबाईलवर मोजता येतं, आणि चांगलं मोजता येतं. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखन विद्यापीठाचं. त्यात "त्वरणाचा स्पेक्ट्रम" हा प्रयोग आहे. फोनमधला सेन्सर सेकंदाला साधारण 200 नोंदी घेत असेल तर 100 हर्ट्झपर्यंतचं, म्हणजे सेकंदाला 100 हेलकाव्यांपर्यंतचं, दिसतं. आपल्याला तेवढं पुरे. नमुन्यांची संख्या 1024 ठेवा, म्हणजे सुमारे पाच सेकंदांची खिडकी आणि 0.2 हर्ट्झचा बारकावा.

फोन डॅशबोर्डच्या होल्डरमध्ये लावू नका, होल्डर स्वतःच थरथरतो आणि त्याचीच फ्रिक्वेन्सी दिसते. सीटच्या लोखंडी रुळावर किंवा मधल्या कन्सोलच्या तळाशी दुहेरी टेपने घट्ट चिकटवा. फोन शेजारच्या माणसाने हाताळायचा, ड्रायव्हरने नाही.

आता हिशेब. 205/60 आर 16 चा व्यास: 16 इंच म्हणजे 406 मिमी, त्यात 205 च्या 60 टक्क्यांची दुप्पट, 246. एकूण 652 मिमी, परीघ 2.05 मीटर. गाडीच्या वजनाने टायर दबतो, म्हणून प्रत्यक्षात एका फेरीत दोन मीटरच्या किंचित आत धरा. ताशी 100 म्हणजे सेकंदाला 27.8 मीटर, म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ 14 फेऱ्या घेतं. वेग जीपीएसवरचा घ्या. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवायचा नाही असा नियम आहे, म्हणून तो थोडा वर दाखवतो.

ॲपच्या आलेखात चाकाच्या सेकंदाच्या फेऱ्यांइतक्या हर्ट्झवर टोक (उंच शिखर) दिसलं तर असमतोल किंवा एका जागी उंच टायर, रिम, हब. त्याच्या दुप्पट दिसलं तर दोन ठिकाणी उंच, म्हणजे अंडाकृती टायर किंवा रिम. तिप्पट दिसलं तर त्याच्यावर वेगळं बोलू.

इंजिनचा हिशेब वेगळा. आरपीएम भागिले 60 म्हणजे इंजिनच्या सेकंदाला फेऱ्या. तीन सिलिंडरमध्ये दर फेरीला दीड स्फोट, म्हणून दीडपटीलाही टोक येतं. 750 च्या आयडलला 12.5 आणि 18.75 हर्ट्झ. सिग्नलला एसी चालू असताना सीट थरथरते ती हीच, तिचा 100 च्या थरथरीशी संबंध नाही. शोरूमवाले दोन्ही एकत्र करून "तीन सिलिंडरला असतंच" म्हणतात, तिथे त्यांना थांबवा.

विजापूररोड

नोंद टाकतोय. रस्ता: सावळेश्वर टोलनाका ओलांडून मोहोळकडे, डांबरी सपाट पट्टा. टायर थंड असताना दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा. गाडीत दोघे. जीपीएस 96, सहावा गिअर, 2,100 आरपीएम.

एकसारखा वेग: 13.3 ला बारीक टोक, 26.6 ला त्याहून बारीक.
ॲक्सिलरेटर जोरात: 40 च्या आसपास मोठं टोक उभं राहतं.
ॲक्सिलरेटर सोडल्यावर: 40 चं टोक गायब, 13.3 तसंच.
पाचवा गिअर, तोच वेग, 2,550 आरपीएम, जोर लावून: टोक 40 लाच.

हर्ट्झवाले काका

वा, अशी नोंद असेल तर बोलायला मजा येते.

96 म्हणजे सेकंदाला 26.7 मीटर, भागिले सुमारे 2.0, म्हणजे 13.3. ते चाकच. टोक बारीक आहे, म्हणजे बॅलन्सिंग बरं झालंय, थोडं टायरचं उरलंय. 26.6 कडे सध्या दुर्लक्ष करा.

खरा चोर 40. सहाव्यात 2,100 म्हणजे इंजिनची फेरी 35 हर्ट्झ, दीडपट 52.5. पाचव्यात 2,550 म्हणजे 42.5 आणि जवळपास 64. इंजिन असतं तर गिअर बदलल्यावर टोक 35 वरून 42.5 ला सरकलं असतं. ते जागचं हललं नाही, म्हणजे चाकाच्या वेगाला बांधलेलं आहे. 13.3 गुणिले 3 बरोबर 39.9. चाकाच्या एका फेरीत तीन झटके, आणि तेही फक्त ओढ असताना. आता @टॉर्करेंच सांगतील.

टॉर्करेंच

आतल्या बाजूचा सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलचा वळणारा सांधा. गिअरबॉक्सकडचा, ट्रायपॉड पद्धतीचा. त्याच्या आत तीन रोलर असतात आणि ते एका कपाच्या तीन खाचांत पुढे-मागे सरकतात. एक्सल कोनात असताना जोर पडला की रोलर सरकताना अडतात आणि दर फेरीला तीनदा आडवा धक्का गाडीला देतात. कोन जितका जास्त आणि जोर जितका जास्त, तितका धक्का मोठा. म्हणूनच क्लच दाबला की हे गायब होतं आणि लोक इंजिनला दोष देतात.

लिफ्टवर काय बघायचं ते सांगतो. दोन्ही बाजूंच्या आतल्या रबरी बुटाच्या घड्या हाताने उघडून बघा. चीर असली की ग्रीस बाहेर फेकलेलं दिसतं, गिअरबॉक्सच्या अंगावर काळी रेघ उमटलेली असते. चीर नसेल तर एक्सल हाताने धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. आतबाहेर सरकणं स्वाभाविक आहे, पण वर-खाली लटकल्यासारखा ढिला वाटला तर खाचा झिजल्या आहेत. नवीन गाडीत खाचा झिजण्याऐवजी ग्रीस कमी किंवा चुकीचं भरलेलं असण्याची शक्यता जास्त. ट्रायपॉडसाठी ठरवलेलं ग्रीसच लागतं, बाहेरच्या जॉइंटसाठीचं काळं ग्रीस चालत नाही. प्रमाण गाडीनुसार वर्कशॉप मॅन्युअलमध्ये ग्रॅममध्ये दिलेलं असतं. अंदाजाने बोटभर भरू देऊ नका.

दुसरं कारण गाडीची उंची. स्प्रिंग बदलून किंवा स्पेसर टाकून गाडी उंच केली असेल तर एक्सलचा कोन वाढतो, आणि चांगला जॉइंटही 40 चं टोक देतो. @विजापूररोड, असं काही केलंय का? तिसरं, इंजिनचं खालचं माउंटिंग. ते फाटलेलं असेल तर जोर लावल्यावर इंजिन मागे झुकतं, आणि आतल्या जॉइंटचा कोन बदलतो. त्यामुळे एक्सल बदलण्याआधी माउंटिंग बघायचं.

उरलेल्या 13.3 साठी हब बघा. चाक काढलं की हबचा चेहरा आणि रिमची मागची बाजू दोन्ही बघा. बोट फिरवलं की गंजाचा खवला हाताला लागतो. नटांच्या मधल्या जागेत लहानसा गंजाचा उंचवटा असला तरी त्याची तिरकस बैठक रिमच्या कडेला जाईपर्यंत कित्येक पट होते. तारेच्या ब्रशने आणि बारीक एमरी कापडाने साफ करायचं, तेल-ग्रीस लावायचं नाही. मग डायल गेज (सुईचं मापक) लावून हब फिरवा, 0.05 मिमीच्या पुढे हेलकावा नको. मग चाक चढवून टायरच्या मधल्या पट्ट्यावर गेज धरा. टायरसकट 1 मिमीच्या आत असेल तर उत्तम, दीडच्या पुढे असेल तर त्या टायर-रिमच्या जोडीला वजनं लावून उपयोग नाही. नट आधी हाताने घाला, मग ताऱ्याच्या आकारात, दोन टप्प्यांत, गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कने. या आकाराच्या गाड्यांना तो बहुधा 100 ते 130 न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. शंभर रुपयांच्या बिलासाठी पायाने पाना दाबणाऱ्याला थांबवा.

विजापूररोड

उंची मूळचीच आहे, काही बदललेलं नाही.

टॉर्करेंच

मग जॉइंट आणि माउंटिंग, या क्रमाने नाही, उलट्या क्रमाने: आधी माउंटिंग. दोन्ही वॉरंटीतले भाग आहेत. टायर मात्र टायर कंपनीच्या वॉरंटीत असतो, गाडीच्या नाही. त्याचा अर्ज वेगळा.

डीसीटीग्रस्त

माझा त्रास 100 ला नाही, ट्रॅफिकमध्ये आहे. सात रस्त्याला रांगत चाललं की पहिल्या-दुसऱ्यात धडधड.

टॉर्करेंच

तो ड्राय क्लचचा (तेलात न बुडालेल्या क्लचचा) जडर, म्हणजे धडधड. या धाग्याचा विषय नाही, पण थोडक्यात: रांगताना क्लच सतत अर्धवट सरकत राहतो, उन्हाळ्यात आधीच गरम असतो, त्याच्या पृष्ठभागाला काचेसारखी झिलई येते. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी रोखून धरू नका, ब्रेक वापरा. पुढच्या गाडीला दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग एकदम निघा. शोरूमकडून स्कॅनरने क्लचचं ॲडॉप्टेशन (नव्याने जुळणी) करून घ्या आणि गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती जॉब कार्डवर लिहून घ्या. नवीन आवृत्ती असेल तर तीही लिहून मागा. त्यानेही जडर राहिला तर क्लच पॅक बदलायचा. वेगळा धागा काढा, खूप जण येतील.

शेंगाचटणी

एवढे आकडे शोरूमच्या ॲडव्हायझरला दाखवले तर तो चहा पाजून घरी पाठवतो बे. पुढं काय?

काळाकोट

पुढचं मी सांगतो. इथे लोक चूक करतात ती अशी की कंपनीच्या उत्तराची वाट बघत बसतात.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69: तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. कंपनीशी चाललेल्या मेलामेलीने ही मुदत थांबत नाही. सुरक्षित हिशेब म्हणजे पहिल्या जॉब कार्डची तारीख धरायची. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी कारण दाखवत बसावं लागतं.

जॉब कार्डवर "ग्राहकाची तक्रार" हा रकाना असतो, तिथे तुमचेच शब्द हवेत. "व्हायब्रेशन चेक" असं लिहिलं तर सही करू नका. असं लिहून घ्या: "जीपीएस वेग 96, ॲक्सिलरेटर दाबल्यावर सीटखाली थरथर, सोडल्यावर बंद, पाचव्या व सहाव्या दोन्ही गिअरमध्ये." गाडी परत घेताना "दोष आढळला नाही" असं असेल तर त्याखाली "टेस्ट ड्राइव्हमध्ये दोष कायम" असं लिहून सही करा आणि प्रत घ्या. दोष तोच आणि जॉब कार्डं अनेक, हाच तुमचा मुख्य पुरावा. वर्क्स मॅनेजरसोबत एकत्र टेस्ट ड्राइव्ह मागा, आणि ती झाली नाही तर नाही झाल्याचं मेलने कळवा.

मग नोटीस. शोरूम आणि उत्पादक दोघांना, स्पीड पोस्टने पोचपावतीसह, शिवाय मेल. उत्पादकाचा नोंदणीकृत पत्ता बिलावर किंवा वॉरंटी पुस्तिकेवर असतो. त्यात विचारा: दोषाचं कारण लेखी द्या, या दोषाबद्दल कंपनीचं तांत्रिक परिपत्रक आहे का ते सांगा, रोड फोर्सवर चाकं तपासा, आतला जॉइंट आणि माउंटिंग तपासा. 15 दिवसांची मुदत द्या. वकिलाशिवायही चालतं.

तोवर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवा. ती न्यायालय नाही, पण कंपनीला तिथून पत्र गेलं की बऱ्याचदा एरिया सर्व्हिस मॅनेजर जागा होतो.

ग्राहक आयोगात जायचं तर कलम 34 नुसार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. सोलापूरच्या गाडीसाठी कंपनीच्या गावी जायची गरज नाही. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी 5 लाखांपर्यंत शून्य, 5 ते 10 लाख 200 रुपये, 10 ते 20 लाख 400, 20 ते 50 लाख 1,000. तक्रार ऑनलाइनही दाखल होते.

तांत्रिक दोष वरवर पाहून ठरत नसेल तर कलम 38 खाली आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पुण्याची एआरएआय (वाहन संशोधन संस्था) किंवा एखाद्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा यंत्र विभाग, काय ते आयोग ठरवतो. तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागते. चाचणी लागली तर निकालाचं उद्दिष्ट 5 महिने, नाहीतर 3. प्रत्यक्षात जास्त लागतात, हे गृहीत धरा. विरोधी पक्षाला लेखी उत्तराला 30 दिवस आणि वाढीव 15, त्यापुढे मुदत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये ती मुदत बंधनकारक ठरवली. निकाल 1986 च्या कायद्यावरचा आहे, पण नव्या कायद्यातही तरतूद तीच आहे.

मोबाईलच्या नोंदी आणि मेल जोडणार असाल तर 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे, त्याचं प्रमाणपत्र जोडा. फोन विकू नका, मूळ फाइल पुसू नका.

अक्कलकोटनाका

थेट गाडी बदलून मागायची ना? अर्धवट काम का?

काळाकोट

मागा, पण त्यावरच अडून बसू नका. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कारच्या प्रकरणात वॉरंटीची भाषा पाहून सांगितलं की कंपनीची जबाबदारी दोषी भाग बदलण्याची आहे, अख्खी गाडी बदलण्याची नाही, आणि गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला. म्हणून मागणी पायऱ्यांनी लिहायची: आधी दोषी भाग दुरुस्त किंवा बदलून देणं, ते होत नसेल तर परतावा किंवा बदली, आणि त्रासाबद्दल भरपाई. मूळ उत्पादन दोष सिद्ध करायचा असेल तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो, नुसता वापरणाऱ्याचा राग पुरत नाही.

अक्कलकोटनाका

आणि रिकॉल (कंपनीने सदोष गाड्या परत बोलावणं)? सगळ्यांनी मिळून सरकारला कळवलं तर?

काळाकोट

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110अ आलं, नियम 1 एप्रिल 2021 पासून. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू. दोष पर्यावरणाला किंवा माणसांच्या सुरक्षेला धोका असणारा हवा, आणि तक्रारींची ठरावीक संख्या भरावी लागते. कंपनीने पाळलं नाही तर दंड 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत. नुसती थरथर "सुखसोयीचा प्रश्न" म्हणून बाजूला पडेल. पण एक्सलचा जॉइंट सुटण्याइतका झिजत असेल, किंवा ब्रेकमध्ये थरथर असेल, तर सुरक्षेचा मुद्दा उभा राहतो. शब्द त्याप्रमाणे वापरा, पण वाढवून नको.

एकत्र तक्रारीबद्दल: कलम 35(1)(क) खाली आयोगाची परवानगी घेऊन समान हित असलेल्या सगळ्यांच्या वतीने तक्रार करता येते. पण "समान हित" म्हणजे कारण एकच हवं. इथे एकाचा टायर, एकाचा क्लच, एकाचा जॉइंट असेल तर ती तिथेच फुटते. ज्यांच्या नोंदीत फेरीच्या तिप्पट टोक आहे त्यांनीच एकत्र या, बाकीच्यांनी वेगळं.

टॅक्सी पासिंगवाल्यांनी लक्षात ठेवा: स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वतः चालवत असाल तर ग्राहक ठरता. कंपनीच्या नावे ताफा असेल तर प्रश्न येतो.

होटगीनाका

तर सगळ्यांनी एकाच साच्यात नोंद टाकू या: टायरचा आकार, बनावटीचा आठवडा, जीपीएस वेग, गिअर, आरपीएम, टोक कुठे, जोर लावल्यावर की सतत, मूळ रिम की बाहेरचे. बनावटीचा आठवडा टायरच्या बाजूला चार अंकांत असतो, 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. एसी चालू की बंद तेही लिहा. सिमेंट रस्त्यावरची नोंद वेगळी टाका, त्याच्या आडव्या खाचांचा स्वतःचा सूर असतो आणि आकडे गढूळ होतात.

चौपदरी महामार्गावर कारला 100 ची मर्यादा आहे, फलक कमी सांगत असेल तर तोच पाळा. मोजमापासाठी 120 कोणी गाठू नये, गरजच नाही. आणि मे महिन्यात दुपारी बाराला नोंदी घेऊ नका. 43 अंशाच्या उन्हात उभ्या गाडीच्या टायरची हवा आधीच चढलेली असते, चालवून आणखी चढते. पहाटे घ्या, आणि गरम टायरमधून हवा काढू नका.

विजापूररोड

शोरूमकडून फोन आला. "सद्भावना म्हणून" एक्सल मोफत बदलतो म्हणतात, पण "तक्रार पूर्णपणे मिटली" अशा कागदावर आधी सही मागतात.

काळाकोट

काम घ्या, तो कागद नको. सद्भावना नाही, वॉरंटीतलं काम आहे, आणि जॉब कार्डवर तसंच हवं, भाग क्रमांकासह. काम झाल्यावर त्याच मोहोळच्या पट्ट्यावर, त्याच वेगाला, दोन्ही गिअरमध्ये त्यांच्या माणसासोबत नोंद घ्या. टोक गेलं तर "या तारखेला तपासणीत दोष आढळला नाही, वॉरंटीतले हक्क कायम" एवढंच लिहून सही करा. ऐकत नसतील तर आधीच मेल टाका की सहीची अट घातली म्हणून काम अडलं आहे.

टॉर्करेंच

आणि काढलेला जुना जॉइंट समोर उघडायला सांगा. कपाच्या तिन्ही खाचांचे फोटो काढा, बोट फिरवून बघा. खाचेत नखाला अडेल अशी पायरी लागली तर तो फोटो काळाकोटांच्या फाइलमध्ये. ग्रीस किती होतं, कोरडं होतं का, तेही लिहा. उरलेल्यांच्या गाड्यांना त्याचा उपयोग होईल. एक्सलचा मधला मोठा नट नवा लावला की जुनाच परत वापरला ते विचारा, तो एकदाच वापरायचा असतो. आणि तो वर्कशॉप मॅन्युअलमधल्या पद्धतीने, दिलेल्या टॉर्कने आवळायला लावा.